मनगटापर्यंत

तलावावर तिला सगळे टाचणी म्हणत. एक तर अंगानं काडीसारखी, आणि दुसरं म्हणजे ओठांत कायम दोन-चार टाचण्या धरलेल्या. तोंडात टाचण्या असल्या की माणूस मोजकं बोलतं, आणि तशी सवय लागली की नसल्या तरी मोजकंच बोलतं. नवरा अगदी उलट. बोलायला लागला की समोरच्याचा चहा गार व्हायचा. तो तलावावर स्पीडबोट चालवायचा. बोटीच्या मागे लांब दोर, आणि दोराच्या टोकाला हवा भरलेलं काहीतरी. कधी पिवळं लांबडं केळं, कधी सोफा, कधी ट्रकच्या टायरएवढं गोल. सुट्टीला आलेली माणसं त्यावर बसायची, बोंबलायची, पाण्यात पडायची आणि हसत हसत पुन्हा चढायची.

"माणसाला घाबरायची हौस असते," तो म्हणायचा. "आपण ती पुरवायची."

टाचणी आधी एका दुकानासाठी पडदे शिवायची. पुढे दुकानदार तयार पडदे विकायला लागला आणि तिचं काम नळाच्या पाण्यासारखं हळूहळू बारीक होत बंद पडलं. त्याच सुमारास नवरा एका संध्याकाळी खांद्यावर ओलं गाठोडं टाकून घरी आला. दीड खोलीच्या घरात त्यानं ते पसरलं, तर पाय ठेवायला जागा उरली नाही. शेवाळाचा आणि उन्हात तापलेल्या रबराचा वास भिंतींना चिकटला.

"हे काय आणलंत?"

"सोफ्याची खोळ. आत हवेचा फुगा असतो, वरून ही. धरायचा पट्टा उखडलाय. बोटीचा मालक फेकून देत होता. म्हटलं, थांबा, माझी बायको शिवेल."

"मला विचारलं होतंत?"

"आता विचारतोय की."

घरच्या मशीनची सुई पहिल्याच टाक्याला मोडली. मग तिनं चपला शिवणाऱ्या एका म्हाताऱ्याचं जुनं जड मशीन मिळवलं. ते चालवायला पायात जोर लागायचा, आणि त्याच्या धडधडीनं शेजारणीच्या मांडणीतली भांडी वाजायची. शेजारीण भिंतीवर थाप मारायची, टाचणी इकडून थाप मारून "झालं, झालं" म्हणायची आणि पुढची टीप घ्यायची. अशा रीतीनं ती तलावावरच्या खेळण्यांची शिंपीण झाली.

या खेळण्यांवर बसलेल्या माणसाच्या हातात पट्ट्याशिवाय दुसरं काही नसतं. पाय टेकवायला जागा नाही, पाठीला आधार नाही. बोट पळते, खेळणं पाण्यावर आपटत जातं, आणि माणूस दोन मुठींवर लटकलेला असतो. एकदा वळणावर जुना पट्टा उखडला. त्यावरचा दाढीवाला गृहस्थ शेजारच्या बाईवर फेकला गेला आणि त्याचं कोपर लागून बाईचा पुढचा दात तलावात गेला. मालक त्या दिवशी टाचणीच्या घरी स्वतः आला. दारातूनच म्हणाला, "पट्टे असे शीव, की हत्तीनं ओढले तरी सुटायला नकोत."

तिनं तसेच शिवले. दुहेरी पट्टा, चौकोनी टीप, चौकोनात फुलीची टीप, वर पुन्हा एक चौकोन. शिवून झालं की पट्ट्याला दोर बांधून नवरा एका बाजूनं आणि ती दुसऱ्या बाजूनं ओढून बघायची, आणि दर वेळी तीच फरफटत त्याच्याकडे जायची. लोकांची आणखी एक तक्रार होती. पट्टा आखूड, त्यामुळे बोटांची पेरं खोळीवर घासून सोलतात. तेव्हा तिनं पट्टे थोडे सैल ठेवले, हात आरामात आत जाईल इतके. लोक खूश झाले. पडायचं प्रमाण कमी झालं. आजूबाजूचे बोटवालेही खोळी घेऊन यायला लागले. पडद्याकडे बघून आजवर कोणी म्हटलं नव्हतं, की वा, काय टीप आहे. इथे बोटवाले म्हणायचे. ती मान खाली घालून ऐकायची, पण ऐकायची सगळं.

स्वतः मात्र ती कधी त्या खेळण्यावर बसली नाही. गुडघाभर पाण्यातही ती उतरायची नाही.

नवऱ्याला एक धाकटी बहीण होती. लहानपणी एका जागी बसेल तर शपथ, म्हणून घरात तिला भिंगरी म्हणत, आणि तिशी आली तरी तेच नाव चालू होतं. ती गावातल्या एका सलूनमध्ये केस कापायची. हात असा, की बायका तिच्यासाठी खोळंबून बसायच्या, दुसरी रिकामी असली तरी. लग्न एकदा झालं होतं, टिकलं नाही, आणि त्याबद्दल कोणी हळहळायला लागलं की ती म्हणायची, "अहो, माझे केस बघा कसे दाट झालेत तेव्हापासून." सलूनजवळच एका खोलीत एकटी राहायची आणि सुट्टीच्या दिवशी दादाकडे जेवायला यायची. टाचणीला सख्खी बहीण नव्हती. नणंद-भावजयीचं पटत नाही म्हणतात. या दोघींचं इतकं पटायचं, की नवरा म्हणायचा, मीच या घरात पाहुणा.

"वहिनी," भिंगरी एकदा जेवता जेवता म्हणाली, "पट्टे शिवणार तू, बोट ओढणार दादा, आणि मी अजून एकदाही बसले नाही. नावाड्याची बहीण अन् पाय कोरडे!"

"ये की मग," दादा म्हणाला. "आडदिवशी ये. गर्दी नसते. नवीन तबकडी आलीय, तिच्यावर बसवतो."

तबकडी म्हणजे मालकानं त्या हंगामात आणलेलं नवं खेळणं. गोल, चपटं, तिघं पालथे झोपतील एवढं. त्यावर बसायचं नाही, पोटावर पडायचं आणि समोरचे पट्टे धरायचे. केळं जड असतं, पाण्याला धरून चालतं. तबकडी हलकी, जरा वाऱ्यानं कडेनं उचलली जायची. वळणावर तर ती बोटीच्याही पुढे जायला बघायची, गोफणीतल्या दगडासारखी. लोकांना तेच आवडायचं.

भिंगरी तिच्या सुट्टीच्या दिवशी आली, सोबत सलूनमधली एक मैत्रीण. दुपार होती. वारा सुटला होता आणि काठ जवळजवळ रिकामा होता. टाचणी एक दुरुस्त खोळ पोचवायला तिथे आली होती, म्हणून थांबली. मालक खुर्चीत बसून स्पीकरवर गाणी लावून गिऱ्हाइकाची वाट बघत होता.

"घरचीच आहेत का?" त्यानं नवऱ्याला विचारलं. "मग जरा जोरात फिरव. पलीकडच्या हॉटेलातली माणसं बघतील, तर येतील इकडे."

बोटीत पूर्वी आणखी एक माणूस असायचा. तो मागे तोंड करून बसायचा, त्याचं काम एकच, खेळण्यावरून कोणी पडलं की ओरडून सांगायचं. आडदिवशी मालक त्याला बोलवत नसे. त्याऐवजी बोट चालवणाऱ्याच्या समोर एक आरसा बसवला होता, ट्रकला असतो तसा.

टाचणी धक्क्यावर उभी राहिली. दोघींनी जॅकेटं घातली, हसत खिदळत तबकडीवर पालथ्या झाल्या. भिंगरीनं पट्टा नुसता बोटांनी धरलेला टाचणीला दिसला. वारा तर असा, की धक्क्यावरच्या प्लास्टिकच्या खुर्च्या सरकत होत्या.

"अगं, असा नको धरूस," टाचणी वाकून म्हणाली. "सुटेल. मनगटापर्यंत हात आत घाल. घट्ट बसेल."

"अशी?"

"हां. आता नाही सुटणार."

बोट निघाली. पहिला फेरा सरळ झाला. भिंगरीचं ओरडणं काठापर्यंत येत होतं, "दादाऽ, जोरात!" आणि दादानं जोरात नेली. बोलका माणूस, बहीण मागे, मालक बघतोय, त्याचीही छाती फुगली असेल. हॉटेलासमोर त्यानं वळण घेतलं. तेवढ्यात दुसऱ्या एका बोटीची लाट आडवी आली. बोट वळली, तबकडी वळली नाही, बाहेर फेकली गेली. लाटेवर चढली, कड उचलली, खालून वारा शिरला आणि पोळी उलटावी तशी ती उलटी झाली.

मैत्रीण लांब फेकली गेली. तिचं जॅकेट पाण्यावर लाल दिसत होतं. भिंगरी दिसली नाही.

नवरा त्या आडव्या आलेल्या बोटीकडे बघत होता. आरशात नुसतं उडणारं पाणी होतं. तबकडी पालथी पडून तशीच ओढली जात होती, आणि टाचणीला कळलं, भिंगरी खाली आहे, तिचा हात अडकलाय. ती ओरडली. तिला स्वतःला तिचा आवाज ऐकू आला नाही, कारण स्पीकरवर गाणं वाजत होतं. ती मालकाकडे धावली, परत धक्क्याच्या टोकाकडे धावली, दोन्ही हात हलवले. हॉटेलच्या काठावरच्या माणसांना वाटलं ती मजेत हात हलवतेय, त्यांनीही हात हलवले.

शेवटी बोट थांबली. का थांबली ते नवऱ्याला पुढे कधी सांगता आलं नाही. ओढताना बोट जड वाटली, एवढंच तो म्हणायचा.

त्यानं पाण्यात उडी टाकून तबकडी सुलटी केली, तेव्हा पट्टा मनगटाभोवती पिळून बसला होता. हातानं निघेना. दातांनी निघेना. चाकूनं कापावा लागला, आणि चाकूनंही तो सहजासहजी कापला गेला नाही.

भिंगरी जगली. पाणी पोटातून काढलं, श्वास आला, दोन दिवसांनी ती बोललीसुद्धा. घशाला नळी लागल्यानं आवाज फाटला होता. पहिलं वाक्य बोलली, "वहिनी, माझा हात कापला का गं?"

"नाही गं. आहे की. हा काय."

हात होता. उशीवर ठेवलेला, सुजलेला, उजवा. नर्सनं तळव्याला सुई टोचून पाहिली. भिंगरी खिडकीबाहेर बघत राहिली.

डॉक्टरीणबाई थकलेल्या होत्या, पण वेळ काढून बोलल्या. हॉस्पिटलच्या त्या अरुंद वाटेत, जिथे स्ट्रेचर आलं की सगळ्यांनी भिंतीला चिकटायचं, तिथे उभं राहून त्यांनी सांगितलं. खांदा निखळला होता, तो बसवला. पण हाताच्या नसा मानेतून निघतात. ओढ इतकी होती की त्या मुळापासून उपटून आल्यात.

"शिवता येणार नाहीत का?" टाचणीनं विचारलं.

"मध्ये तुटल्या असत्या तर शिवल्या असत्या. इथे दुसरं टोकच राहिलं नाही, शिवणार कशाला? आपण एक ऑपरेशन करून बघू. थोडीफार हालचाल आली तर कोपराला येईल. बोटांची आशा धरू नका."

नवरा म्हणाला, "पण नंतर? व्यायामानं?"

"आशा धरू नका," त्या पुन्हा म्हणाल्या, आणि स्ट्रेचर आलं म्हणून सगळे भिंतीला चिकटले.

ऑपरेशन झालं. कोपराला काही आलं नाही. आली ती कळ. स्पर्श कळत नव्हता, सुई कळत नव्हती, पण हात जळायचा. कोणी उकळत्या पाण्यात धरून ठेवलाय असं भिंगरी सांगायची. टाचणी घाबरून त्या हातावर ओला रुमाल ठेवायची आणि भिंगरी दात आवळून म्हणायची, "काढ तो. त्याला काही समजत नाही. दुखतं ते आत कुठेतरी, हाताला पत्ताच नाही."

मालक फळांची पिशवी घेऊन आला. पलंगाच्या पायथ्याशी उभा राहिला, नशिबाबद्दल बोलला, आणि जाताना नवऱ्याच्या पाठीवर हात ठेवून म्हणाला, "तू तुझा वेळ घे. बोट कुठे पळून जात नाही."

चौकशीला एक अधिकारी आले. माणूस वाईट नव्हता. धक्क्यावर जाऊन त्यांनी तबकडी उलटीसुलटी करून पाहिली, कापलेला पट्टा दोन्ही हातांनी ओढून पाहिला, आणि टाचणीला म्हणाले, "हे तुम्ही शिवलंत? काम पक्कं आहे." मग ठरलं ते असं: जॅकेट घातलेलं होतं, दोर तुटला नाही, पट्टा उखडला नाही, साहित्यात दोष नाही. बसणाऱ्या व्यक्तीनं पट्टा चुकीच्या पद्धतीनं धरला. टाचणी तिथेच उभी होती. तिच्या तोंडात त्या वेळी टाचण्या नव्हत्या, तरी तोंड उघडलं नाही. घरी येऊन मोरीत बसून ती पाण्याचा नळ सोडून रडली, आणि शेजारणीनं भिंतीवर थाप मारली, मशीन चालू आहे असं समजून.

भिंगरीची खोली सोडावी लागली. ती दीड खोलीत राहायला आली. सलूनच्या बाईंनी तिला काही दिवस दारापाशी बसवलं, येणाऱ्या बायकांना नंबर द्यायला. बायका यायच्या, तिच्या झोळीतल्या हाताकडे बघायच्या आणि आवाज खाली आणून बोलायच्या. सलूनमध्ये कोणी खालच्या आवाजात बोलायला येत नाही. बाईंनी समजुतीनंच सांगितलं, घरी आराम कर. भिंगरीनं कात्र्या मैत्रिणीला देऊन टाकल्या. मैत्रीण आधी रोज यायची, मग आठवड्यानं, मग फोनवर. पाण्यात फेकली जाऊनही तिला फक्त खरचटलं होतं, आणि दर वेळी भिंगरीसमोर बसली की ती आपले दोन्ही हात ओढणीखाली घ्यायची.

टाचणीनं त्या दिवसांत एकच गोष्ट हट्टानं केली. तिच्याकडे दुरुस्तीला आलेल्या सगळ्या खोळींचे पट्टे तिनं उसवले आणि आखूड शिवले. मूठ मावेल, मनगट जाणार नाही असे. हात उघडला की माणूस सुटला पाहिजे. मालकाला तिनं तसं सांगितलंही. मालक म्हणाला, "बरं, बघू."

पुढच्याच रविवारी एक तरुण मुलगी वळणावर सोफ्यावरून सुटली. जोरात जाताना पडलं की पाणी पाण्यासारखं लागत नाही, फरशीसारखं लागतं. तिच्या कानाचा पडदा फाटला, आणि मागून उडून आलेल्या भावाचा गुडघा तिच्या बरगडीत बसला. तिच्या वडिलांनी धक्क्यावर आकाश डोक्यावर घेतलं. "धरायला धड पट्टेसुद्धा नाहीत!" सगळ्यांनी पट्टे पाहिले. आखूडच होते.

मालकानं खोळी उचलून दुसऱ्या शिंप्याकडे दिल्या. परत आल्या त्या सैल पट्ट्यांच्या. टाचणी कोणाशी भांडायला गेली नाही. रात्रंदिवस ती एकच विचार करत होती, सैल ठेवला तर अडकतो, आखूड ठेवला तर सुटतो. मध्ये काही माप असेल तर ते तिला सापडत नव्हतं. वर्षानुवर्षं मापं घेत आलेल्या बाईला हे सांगायला कोणी नव्हतं, की माप नसेलच कदाचित.

नवरा बरेच दिवस तलावाकडे फिरकला नाही. एका गोदामात पोती उतरवायला गेला, पाठ धरली. एका दुकानावर बसला, हिशेब जमेना. चाळिशी उलटलेल्या माणसाला पाण्यावाचून काही येत नव्हतं. एके दिवशी सकाळी त्यानं जुनी टोपी घेतली. टाचणीनं पाहिलं आणि डबा भरला.

सुरुवातीला तो बोट अगदी हळू चालवायचा. सतत मान मागे. गिऱ्हाइकं ओरडायची, "काका, चालत गेलो असतो तर पोचलो असतो!" एका टोळक्यानं पैसे परत मागितले. मालकानं त्याला बाजूला घेऊन शांतपणे सांगितलं, आरसा मोठा बसवलाय, आता काय हरकत आहे? मग तो जरा जोरात न्यायला लागला. मग आणखी जरा. घरी आल्यावर तो पूर्वीसारखा बोलत नसे. बहिणीशी तर फारच बेतानं. "जेवलीस?" "हो." "औषध?" "घेतलं." त्याची नजर तिच्या डाव्या खांद्याच्या डावीकडे कुठेतरी असायची, भिंतीवर.

भिंगरीला कपडे घालायचं काम टाचणीकडे होतं. आधी मेलेला हात बाहीत घालायचा, मग जिवंत. पुढची बटणं, मग केस. एका दुपारी ती अशीच बटणं लावत होती. खाली मान घालून, घाई न करता. भिंगरी तिच्या डोक्यावरून बघत म्हणाली, "तू सांगितलं होतंस, मनगटापर्यंत घाल."

टाचणीची बोटं बटणावर थांबली. ज्याची ती इतके दिवस वाट बघत होती ते वाक्य आलं.

"हो," ती म्हणाली.

"तू नसतं सांगितलंस तरी मी घातला असता कदाचित. वारा होता."

"हं."

"पण सांगितलंस."

"हो."

"मला तुझा राग यायला पाहिजे ना गं? मी रोज सकाळी उठून बघते, आलाय का. दादाचा येतो. त्या मालकाचा येतो. माझा स्वतःचासुद्धा येतो, जोरात जोरात ओरडत होते म्हणून. तुझा यायला लागतो आणि तेवढ्यात तू बटणं लावायला येतेस." तिनं हनुवटी वर केली. "लाव. वरचं राहिलंय."

टाचणीनं वरचं बटण लावलं. तिला वाटलं होतं, बोलून झालं की काहीतरी हलकं होईल. काही हलकं झालं नाही. दोघींनी चहा घेतला आणि भिंगरी म्हणाली साखर कमी आहे, आणि खरंच कमी होती.

त्यानंतर टाचणी सुट्टीच्या दिवशी तलावावर जायला लागली. नवऱ्याला सांगितलं नाही. धक्क्याच्या पायऱ्यांशी उभी राहायची आणि जॅकेट घालून उतरणाऱ्या प्रत्येकाला सांगायची, "हात आत घालू नका. नुसता मुठीत धरा. सोडता आला पाहिजे." आयुष्यभर मोजकं बोललेली बाई, अनोळखी माणसांच्या दंडाला हात लावून बोलत होती. लोकांना वाटायचं ती तिथलीच कामाला आहे. काही "हो काकू" म्हणायचे, काही हसायचे. बोट सुरू झाली की सगळे मनगटापर्यंत हात घालायचे. घाबरल्यावर माणूस हातात जे असेल ते जास्त धरतो, सोडत नाही. तिनं लांबून बघितलं, एकूण एक.

एक नवं जोडपं थांबलं. बायकोनं खरोखर काळजीनं विचारलं, "काकू, मुठीत धरलं आणि वळणावर सुटलं तर?"

टाचणीनं स्वतःची मूठ मिटून पाहिली, उघडून पाहिली.

"मग नक्की कसं धरायचं?"

"बसू नका," टाचणी म्हणाली.

त्या बाईचा नवरा हसला. "काकू, तुमचा धंदा बुडेल अशानं." बायकोही हसली, आणि दोघं पायऱ्या उतरून गेले. समोर बोटीत टाचणीचा नवरा बसला होता. त्यानं सगळं ऐकलं होतं. त्यानं दोर तपासला, आरसा नीट केला आणि बोट नेली. ते जोडपं सुखरूप परत आलं, भिजलेलं, लाल झालेलं, पुन्हा जायचं म्हणत. बहुतेक सगळेच सुखरूप परत येतात. त्यामुळेच कोणी ऐकत नाही.

संध्याकाळी घरी आल्यावर तो दारातच बसला. बूट काढले नाहीत.

"मालक म्हणतोय, बायकोला घरी ठेव. नाहीतर दोघंही घरी बसा."

"मग?"

"मग काय, मी काय सांगू? तू बोलतेस ते खोटं नाही." त्यानं आतल्या खोलीकडे बघितलं, तिथे भिंगरी पडली होती. आवाज खाली आणला. "औषधं कुठून आणायची, सांग."

टाचणी दुसऱ्या सुट्टीला गेली नाही. तिसऱ्यालाही नाही. पावसाळ्यात तलाव बंद झाला, पुन्हा उघडला. मालकानं आणखी मोठी तबकडी आणली, सहा माणसांची, वर रंगीत चित्रं असलेली. तिची शिलाई कारखान्यातूनच पक्की आली होती. टाचणी पुन्हा पडदे शोधायला लागली. एका शाळेची दप्तरं दुरुस्त करायला मिळाली. दप्तरांच्या पट्ट्यांना ती साधी टीप मारायची, एकेरी.

हॉस्पिटलच्या फेऱ्या चालू होत्या. आधी आठवड्यानं, मग महिन्यानं. डॉक्टरीणबाई हात उचलायला सांगायच्या, भिंगरी डोळे मिटून जोर लावायची, कपाळाला घाम यायचा, आणि हात मांडीवर तसाच. नुसता खांदा वर यायचा, थोडासा, जसा कोणी "मला काय माहीत" म्हणताना उडवतो. एकदा नवराही सोबत आला, त्या दिवशी बोट दुरुस्तीला होती. बाईंनी तपासलं, हाताचा घेर बघितला. तो आता पोरीच्या हातासारखा बारीक झाला होता. त्या म्हणाल्या, "गोळ्या चालू ठेवा. आता इथे सारखं येत राहायची गरज नाही. काही झालं तर या."

बाहेर आल्यावर नवऱ्याचा चेहरा उजळला होता. कित्येक दिवसांनी तो भरभर बोलत होता. "बघ, यायची गरज नाही म्हणाल्या. म्हणजे बरंच सुधारलंय. मी म्हणतच होतो, वेळ लागतो. आणखी सहा महिने—"

भिंगरीनं वहिनीकडे बघितलं. टाचणीनं खाली बघितलं.

"हो दादा," भिंगरी म्हणाली.

बस आली. गर्दी होती. त्यानं खांद्यानं वाट काढून बहिणीला खिडकीकडची जागा मिळवून दिली, म्हणजे त्या हाताला कोणाचा धक्का लागणार नाही. कळायचं नव्हतंच त्या हाताला, तरी तो मध्ये उभा राहिला, पाठीनं गर्दी अडवत, आणि घरापर्यंत बोलत राहिला. दोघी ऐकत होत्या. मध्ये मध्ये टाचणी "हं" म्हणत होती.